खोली कुणाच्या नावावर?

कोथरूडमध्ये फ्लॅट असलेल्या माणसाला कागद कळत नाहीत, असं म्हणायची कुणाची छाती नाही. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी, कुठल्याही जुन्या सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेत जाऊन बसा. कन्व्हेयन्स झालं की नाही, बिल्डरचे वारस सही देतात की अडवतात, प्रॉपर्टी कार्डावरचं क्षेत्रफळ प्रत्यक्ष जागेशी जुळतं की नाही, यावर निवृत्त इंजिनिअर, बँकेतले माजी अधिकारी आणि शाळेतल्या बाई इतक्या तयारीने बोलतात की नवख्या वकिलाने वही काढावी. १९६३ च्या मोफा कायद्याचं कलम ११ इथे लोकांना पाठ आहे. बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे रोजच्या बोलण्यातलं ‘डीम्ड’, मागता येतं हेही ठाऊक आहे. ज्यांची सोसायटी नाही, १९७० च्या कायद्याखालचं ‘अपार्टमेंट’ आहे, त्यांना डिक्लरेशनमधला आपला अविभक्त हिस्सा दशांश चिन्हापुढच्या आकड्यांसकट माहीत असतो. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाल्यापासून तर त्या दशांशावरून शेजाऱ्या-शेजाऱ्यांत अबोला धरला जातो.

हाच माणूस एखाद्या रविवारी दुपारी बायकोला घेऊन हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये जातो आणि दिवेलागणीला पंचवीस वर्षांच्या करारावर सही करून बाहेर येतो. करार न वाचता. कारण तो करार सुट्टीचा, म्हणजे टाइमशेअरचा असतो, घराचा नसतो.

या हॉलपर्यंत नेणारी वाट बहुतेकांच्या ओळखीची आहे. मॉलमध्ये किंवा प्रदर्शनात भरलेलं लकी ड्रॉचं कूपन, मग फोन, मग ‘तुमची निवड झाली आहे, भेटवस्तू घ्यायला या, पण दोघांनीच या’ हा आग्रह. नवरा-बायको दोघं हवेत, कारण ‘घरी विचारून सांगतो’ ही पुणेरी माणसाची हक्काची पळवाट बंद करायची असते. आत थंडगार एसी, गोल टेबलं, भिंतीवर धबधब्यांचे फोटो, आणि कुणी सही केली की टाळ्या. समोर बसलेला चुणचुणीत मुलगा ‘सर-मॅडम’वरून पाच मिनिटांत ‘काका-काकू’वर येतो.

“काका, वर्षातून एकदा तरी बाहेर जाता ना?”

“जातो की. मागच्या वर्षी कोकणात गेलो होतो.”

“हॉटेलचे किती दिले?”

काका आकडा सांगतात. मुलगा कागदावर गुणाकार करतो. “म्हणजे वीस वर्षांत इतके लाख नुसते भाड्यात गेले. काकू, तुम्हीच सांगा, काकांनी आयुष्यभर भाड्याच्या घरात ठेवलं असतं तर चाललं असतं का तुम्हाला?”

इथे काकू हसतात, आणि सौदा निम्मा होतो. ज्या पिढीने कर्ज काढून, प्रॉव्हिडंट फंडाला हात घालून स्वतःची खोली उभी केली, तिच्या मनात भाडं आणि मालकी यांतलं अंतर फार खोल आहे. विकणाऱ्याने नेमका त्या जागी हात घातलेला असतो. हॉटेल म्हणजे भाडं, टाइमशेअर म्हणजे मालकी. पण आपण मालक झालो हे दाखवणारा कागद त्या फाइलमध्ये शोधायला गेलं, तर तो सापडत नाही.

फाइल देखणी असते. जाड पुठ्ठा, सोनेरी कडांचं सदस्यत्वाचं प्रमाणपत्र, प्लास्टिकचं कार्ड, रंगीत पुस्तिका. तिच्या शेजारी आपल्या फ्लॅटची फाइल ठेवून पाहावी. तिच्यात नोंदणीकृत करारनामा आहे, त्यावर सह दुय्यम निबंधक, हवेली क्रमांक अमुक यांचा शिक्का आहे, प्रत्येक पानावर दस्त क्रमांक आहे, आपला फोटो आणि अंगठा आहे, आणि शेवटी तो इंडेक्स टू. एक पान, रंग नाही, सजावट नाही, छपाई कधी कधी तिरकी. पण त्यावर लिहून देणार, लिहून घेणार, मिळकतीचं वर्णन, मोबदला आणि भरलेलं मुद्रांक शुल्क यांची सरकारी नोंद असते. टाइमशेअरच्या फाइलमध्ये यातलं काहीच नसतं.

कायदा इथे अगदी सरळ आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये आणि त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. कलम १०७ प्रमाणे एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टाही नोंदणीनेच होतो. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम ४९ सांगतं, की नोंदणी सक्तीची असताना जो दस्त नोंदवला नाही, त्याने स्थावर मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. वकील न लावता करायची परीक्षा यातूनच निघते. तुमच्याकडून कुणी मुद्रांक शुल्क घेतलं का? पुणे शहरात खरेदीखताला ते मेट्रोच्या अधिभारासकट सात टक्क्यांच्या घरात जातं, वर नोंदणी फी. दुय्यम निबंधकाच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून यंत्रावर अंगठा दिलात का? दिला नसेल, तर महाबळेश्वरच्या कुठल्याही खोलीतली एक वीटही तुमची नाही. लोणावळ्याच्या मिळकतीचा दस्त मावळात नोंदवला जाईल, मुळशीतल्या मिळकतीचा पौडला. बँक्वेट हॉलमध्ये तो नोंदवला जात नाही.

मग पाच लाख देऊन घेतलं काय? परवाना. आणि परवाना म्हणजे काय हे कोथरूडकराला शिकवायची गरज नाही, कारण तो स्वतः दर वर्षी देतो. कॉलेजच्या मुलांना किंवा आयटीतल्या जोडप्याला दिलेला अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार हा तोच प्रकार. १८८२ च्याच भारतीय सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५२ नुसार परवाना म्हणजे दुसऱ्याच्या जागेत, एरवी जे करणं बेकायदा ठरलं असतं ते करण्याची मुभा. त्या जागेत कसलाही हितसंबंध मिळत नाही. भाडेकरूने चार वर्षं राहून भिंतीला रंग दिला म्हणून फ्लॅट त्याचा होत नाही, हे आपल्याला चोख कळतं. टाइमशेअरमध्ये आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला असतो, एवढाच फरक. किंबहुना आपली बाजू थोडी उणीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ मुळे त्या मुलांचा अकरा महिन्यांचा करार लेखी आणि नोंदवलेला असावाच लागतो, नसेल तर दोष घरमालकाच्या माथी. पंचवीस वर्षांचं सदस्यत्व घेणाऱ्याला अशी नोंदणी कुणी देत नाही, कारण त्याला विशिष्ट खोली दिलेलीच नसते. त्याला दिलेली असते ती एका विशिष्ट आकाराची खोली, एका विशिष्ट हंगामात, उपलब्ध असल्यास.

सुविधाधिकार कायद्याचंच कलम ५९ मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि ते विक्रीच्या टेबलावर निघत नाही. परवाना देणाऱ्याने आपली मिळकत दुसऱ्याला विकली, तर घेणारा त्या परवान्याने आपोआप बांधला जात नाही. म्हणजे रिसॉर्ट विकला गेला, किंवा कर्ज थकलं म्हणून बँकेने लिलावात काढला, तर नव्या मालकाने तुमचं कार्ड मानायचं की नाही, हे त्याच्या आणि जुन्या मालकाच्या करारात काय लिहिलंय त्यावर. तुमचा दावा उरतो तो पैसे घेणाऱ्या कंपनीवर. म्हणून रिसॉर्टच्या जागेचा सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढून बघावं. जमीन कंपनीच्या स्वतःच्या नावावर आहे, भाडेपट्ट्याने घेतली आहे, की कुणा स्थानिक हॉटेलवाल्याशी नुसता खोल्यांचा करार आहे? ‘इतर हक्कां’त कुणाचा बोजा आहे? भाडेपट्टा दहा वर्षांचा आणि सदस्यत्व पंचवीस वर्षांचं असेल, तर उरलेल्या पंधरा वर्षांचं काय? महाबळेश्वर-पाचगणीबाबत आणखी एक. हा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित आहे. तिथलं बांधकाम परवानगीत बसतं का, हा प्रश्न खोलीच्या खिडकीतून दरी दिसते का यापेक्षा आधी विचारायचा.

सगळ्या जगात असंच असतं, असं मात्र नाही. सुट्टीची खोली आठवड्या-आठवड्याने विकायची कल्पना युरोपात १९६० च्या दशकात, फ्रेंच आल्प्समधल्या बर्फाच्या गावांत आकाराला आली. अमेरिकेत १९७४ मध्ये इंडियानापोलिसला आरसीआय ही अदलाबदलीची कंपनी निघाली. आपला आठवडा जमा करायचा आणि दुसऱ्याच्या गावातला घ्यायचा, ही सोय झाल्यावर धंदा वाढला. तिथे दोन जाती आहेत. एक आपल्यासारखी, वापराचा हक्क देणारी. दुसरीत खरोखरचं खरेदीखत होतं. एका सदनिकेचे बावन्न आठवडे, प्रत्येक आठवड्याचा वेगळा मालक, काउंटीच्या दप्तरात त्याच्या नावाची नोंद, मालमत्ता करात त्याचा वाटा.

हे ऐकून कोथरूडकराला वाटेल, हेच बरं. पण ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी मुलांना विचारावं. ऑर्लँडोला डिस्नेच्या स्वस्त तिकिटांच्या मोहाने प्रेझेंटेशनला बसून ज्यांनी असा आठवडा घेतला, त्यांतले कित्येक आज तो कुणाच्या तरी गळ्यात बांधायला बघत असतात. खरेदीखत आहे म्हणून जबाबदारीही कायमची आहे. वर्षाची देखभाल वाढत जाते, थकवली तर वसुली आणि जप्ती, आणि विकायला काढावं तर इंटरनेटवर एका डॉलरलाही गिऱ्हाईक नाही. माणूस गेल्यावर वारसांना तो हिस्सा रीतसर नाकारावा लागतो. स्पेनमध्ये कायद्याने पन्नास वर्षांची कमाल मुदत घातली होती; तिला बगल देऊन ‘कायमचे’ म्हणून विकलेले करार तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ पासून रद्दबातल ठरवायला सुरुवात केली. लोकांनी कोर्टात जाऊन मालकीपासून सुटका मागितली! तेव्हा नावावर कागद असणं हे प्रत्येक वेळी वरदान नसतं. वापरण्याचा हक्क निदान पंचवीस वर्षांनी संपतो.

महाराष्ट्रात कुणी बावन्न जणांच्या नावे एका खोलीचं खरेदीखत करून दिलंच, तर ते सारे सहमालक होतील, आणि सहमालकाला वाटणी मागण्याचा अधिकार असतो. वाटणी होण्यासारखी नसेल तर १८९३ चा विभाजन कायदा विक्रीची वाट दाखवतो. एका खोलीचे बावन्न भाऊबंद आणि दिवाणी न्यायालय, हे चित्र पुण्यातल्या वाड्यांच्या खटल्यांवर वाढलेल्या माणसाला अधिक रंगवून सांगायला नको.

भारतात हा धंदा मोठ्या प्रमाणावर आणला तो चेन्नईच्या स्टर्लिंगने, १९८६ पासून. महिंद्र समूहाची हॉलिडे कंपनी १९९६ ची. वर्षाचे हंगाम रंगांत वाटायचे, जांभळा सर्वांत महाग, निळा सर्वांत स्वस्त, ही भाषा महिंद्रच्या सदस्यांच्या घरोघरी पोचली. या कंपन्या आजही चालू आहेत, त्यांच्या जागा आहेत, लोक जाऊन राहतात, समाधानी असणारे पुष्कळ आहेत. मात्र टाइमशेअरसाठी आपल्याकडे वेगळा कायदा झालेला नाही. युरोपीय संघात २००८ च्या निर्देशाने चौदा दिवसांत कारण न सांगता करार मोडायचा हक्क दिला आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घ्यायलाच बंदी केली. आपल्याकडे काही कंपन्यांच्या करारात दहा दिवसांची सवलत असते. ती कंपनीने दिलेली, कायद्याने नव्हे. ती आहे का, आणि तिचे दिवस सहीपासून मोजायचे की कागद हातात पडल्यापासून, हे पाहावं. बरेचदा पैसे त्याच दिवशी कार्डावरून जातात आणि करार कुरिअरने नंतर येतो.

कागदाचा खरा धडा पुण्याला मिळाला तो दुसऱ्याच कंपनीकडून. चांदणी चौकातून बाणेरकडे गेलं की पॅनकार्ड क्लब रोड नावाचा रस्ता लागतो. नव्याने राहायला आलेल्यांना वाटतं, इथे आयकराचं पॅनकार्ड काढून मिळत असेल. रिक्षावाले, कुरिअरवाले, जागांच्या जाहिराती, सगळ्यांच्या तोंडी तेच नाव आहे. ज्या पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेडमुळे रस्त्याला हे नाव पडलं, तिच्यावर सेबीने ३१ जुलै २०१४ रोजी अंतरिम आदेश काढून नवे पैसे घ्यायला मनाई केली. २९ फेब्रुवारी २०१६ च्या अंतिम आदेशात तीन महिन्यांत पैसे परत करायला सांगितलं. रक्कम ७,०३५ कोटी रुपये. गुंतवणूकदार ५१ लाखांहून जास्त.

या दोन आकड्यांचा भागाकार केला तर माणशी साडेतेरा-चौदा हजार येतात. हा पैसा बंगलेवाल्यांचा नाही. पेन्शनर, गिरणीतून बाहेर पडलेले, भाजीवाले, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका यांच्या आवाक्यातली ही रक्कम आहे. त्यांनी ती ताडोबाला किंवा गोव्याला जायचं म्हणून भरली का? योजना कागदावर सुट्टीची होती. पैसे भरायचे, त्या बदल्यात ठरावीक ‘रूम नाइट्स’ मिळायच्या, काही वर्षांच्या मुदतीत त्या वापरायच्या. न वापरल्यास मुदतीअखेर ‘सरेंडर व्हॅल्यू’ घ्यायची. ती भरलेल्या रकमेपेक्षा जास्त. सही कागदावर झाली, पण व्यवहार झाला तो तोंडी. “वहिनी, बँकेपेक्षा जास्त सुटतात, खोलीचं काय, ते नुसतं नावाला.” अशा योजनांत सांगणारा बहुधा परका नसतो. दीर असतो, भिशीतली मैत्रीण असते, पतपेढीचा पिग्मी गोळा करायला रोज दारात येणारा माणूस असतो. त्याच्यावर विश्वास ठेवायला कागद लागत नाही, आणि म्हणून कागद वाचलाही जात नाही.

सेबीने पकडलं ते नेमकं हेच. सेबी कायद्याच्या कलम ११एए मध्ये सामूहिक गुंतवणूक योजना ओळखायच्या चार खुणा आहेत. लोकांचे पैसे एकत्र करून योजनेत वापरले जातात. देणारा नफ्याच्या, उत्पन्नाच्या किंवा मालमत्तेच्या अपेक्षेने देतो. त्या पैशाची व्यवस्था दुसरा कुणी पाहतो. आणि रोजच्या कारभारात देणाऱ्याचा हात नसतो. चारही जुळल्या तर योजनेला काहीही नाव द्या, सेबीची नोंदणी लागते. कंपनी म्हणत राहिली की आम्ही खोल्या विकतो. रोखे अपील न्यायाधिकरणाने १२ मे २०१७ रोजी सेबीचा आदेश कायम केला.

या सगळ्यात कुणी एक साधी बेरीज केली असती तर? ५१ लाख माणसांनी वर्षातून प्रत्येकी एकच रात्र मागितली, तरी वर्षभर रोज जवळजवळ चौदा हजार खोल्या लागतात. बाणेरच्या त्या रस्त्यावर उभं राहून एवढ्या खोल्या कुठे असतील, असा प्रश्न पडायला कायद्याचं ज्ञान लागत नाही. पण प्रश्न पडला नाही, कारण खोली कुणाला नकोच होती. विकणाऱ्यालाही ते माहीत होतं, घेणाऱ्यालाही. कागदावरचा व्यवहार खोटा आहे हे दोघांना पटलेलं असताना जो करार होतो, त्यात अडचणीच्या वेळी हातात उरतो तो कागदच. आणि कागदावर लिहिलेलं होतं ‘खोली’. बँकेतल्या ठेवीला ठेव विम्याचं संरक्षण आहे, रूम नाइट्सना नाही.

पुढे सेबीने कंपनीच्या मालमत्ता जप्त करून लिलाव काढायला सुरुवात केली. २०२२ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठासमोर कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली, आणि ज्यांनी स्वतःला कधी क्लबचे सदस्य मानलंच नव्हतं, त्यांना धनको म्हणून दावे दाखल करायची वेळ आली. पॅनकार्ड एकटी नव्हती. २०१५ मध्ये सेबीने रॉयल ट्विंकल स्टार क्लब आणि सिट्रस चेक इन्स या मुंबईच्या कंपन्यांवरही तशाच कारणाने आदेश काढले. तिथेही खोल्या, तिथेही मुदतीअखेरचे पैसे. म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो. टाइमशेअर विकणारा ‘वापरलं नाही तर पैसे वाढवून परत’ म्हणाला, की पुढचं काही ऐकू नये. सेबीच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी शोधावी, ती सापडत नसेल तर चहा पिऊन उठावं.

अलीकडे पौड रस्त्याच्या टोकाला, चांदणी चौकापलीकडे, नवी भाषा ऐकू येते. मुळशीत तलावाकाठी बंगला, आठ जणांत एक, प्रत्येकाला वर्षाचे पंचेचाळीस दिवस. याला आता टाइमशेअर म्हणत नाहीत, ‘फ्रॅक्शनल’ म्हणतात, आणि गिऱ्हाईकही वेगळं, तिशी-चाळिशीतलं, ॲपवर हिशेब पाहणारं. यात बंगला बहुधा एखाद्या एलएलपीच्या, म्हणजे मर्यादित दायित्वाच्या भागीदारी संस्थेच्या, किंवा प्रायव्हेट कंपनीच्या नावावर असतो आणि तुम्ही तिचे भागीदार किंवा भागधारक. ही रचना टाइमशेअरपेक्षा बरी असू शकते, कारण मागे खरी मिळकत आहे आणि तिची किंमत वाढली तर तुमचा हिस्साही वाढतो. पण सातबाऱ्यावर तुमचं नाव येणार नाही. तिथे एलएलपीचं नाव आहे का, की अजून मूळ शेतकऱ्याचंच आहे आणि सगळा डोलारा कुलमुखत्यारपत्रावर उभा आहे? मुखत्यारपत्र आणि साठेखत यांनी मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलंय. जमीन बिगरशेती झालीय का, हा दुसरा प्रश्न. कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, आणि एलएलपीच्या हातात तर नांगर कुणी दिलेला नाही. सेबीने मार्च २०२४ मध्ये छोट्या रीट्ससाठी, म्हणजे स्थावरात गुंतवणूक करणाऱ्या न्यासांसाठी, नियम आणले खरे, पण ते पन्नास कोटींच्या पुढच्या मालमत्तांसाठी, किमान दोनशे गुंतवणूकदारांसाठी. आठ जणांचा बंगला त्या छपराखाली येत नाही. एलएलपीचा करार, बाहेर पडायची अट आणि हिस्सा आधी कुणाला विकायला काढायचा याचं कलम, एवढं तरी वाचावंच लागतं.

माहितीपत्रकावर महारेराचा क्रमांक दिसला म्हणून निर्धास्त होणारेही भेटतात. तो क्रमांक त्या जागेवर बांधल्या जाणाऱ्या इमारतीच्या प्रकल्पाचा असू शकतो. क्लबच्या सदस्यत्वाला तो लागू आहे असं समजू नये.

आता हिशेब. आकडे उदाहरणादाखल घेतो, ज्याचे त्याने आपले घालावेत. समजा, सदस्यत्व चार लाखांचं, पंचवीस वर्षांचं, वर्षाला सात रात्री. वार्षिक देखभाल शुल्क वीस हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे तेवीस हजार सहाशे. चार लाख सात टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला अठ्ठावीस हजार व्याज आलं असतं. दोन्ही मिळून एकावन्न हजार सहाशे, भागिले सात. एका रात्रीला सात हजार तीनशे सत्तर रुपये, जेवण आणि प्रवास सोडून. शिवाय मुद्दल परत मिळत नाही, ते वेगळं. आणि देखभाल शुल्क पंचवीस वर्षं वीस हजारांवर थांबत नाही, तेही वेगळं. सगळे सातही दिवस दर वर्षी वापरले तरचा हा हिशेब. मुलाची दहावी, सासूबाईंचं ऑपरेशन, दिवाळीत हव्या त्या जागी आरक्षण न मिळणं, यांतलं एक वर्ष आलं की भागाकार बिघडतो. मोठं कुटुंब असेल, जायची जागा ठरलेली नसेल, चार-सहा महिने आधी आरक्षण करायची शिस्त असेल तर हे परवडतं, काहींना चांगलंच परवडतं. ऐनवेळी ‘चला, कोकणात जाऊ’ म्हणणाऱ्याला ते कधीच परवडत नाही.

करारात कुठे बोट ठेवायचं? देखभाल शुल्क कसं वाढवणार याचं सूत्र आहे की ‘कंपनीच्या निर्णयानुसार’ एवढंच आहे, हे आधी. मग शुल्क थकलं तर त्या वर्षीचं आरक्षण बंद होतं की सदस्यत्वच जातं. ‘नियम वेळोवेळी बदलतील आणि ते सदस्यावर बंधनकारक राहतील’ हे वाक्य जवळपास सगळीकडे असतं. त्याचा अर्थ असा की आज दाखवलेला रिसॉर्ट उद्या यादीतून गेला तरी तक्रार करायला कागदावर जागा नाही. सदस्यत्व दुसऱ्याला विकायचं झालं तर हस्तांतरण शुल्क किती. तोंडी दिलेली प्रत्येक सवलत, विमानाची तिकिटं, पहिल्या वर्षीची जादा रात्र, फुकट अदलाबदल, ही करारात किंवा निदान कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून आलेल्या ई-मेलमध्ये आहे का. आणि शेवटी कुठेतरी बारीक टाइपात लवादाचं आणि ‘वाद फक्त अमुक शहरातील न्यायालयात’ असं कलम असतं. त्याला फार घाबरायचं कारण नाही. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाची दारं बंद होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एम्मार एमजीएफ प्रकरणात मान्य केलं, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे जायची मुभा दिली. तेव्हा कोथरूडकराची तक्रार पुण्यातच चालते. दिलेली रक्कम पन्नास लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगाकडे, मात्र कराराच्या अटीच अनुचित आहेत असं म्हणायचं असेल तर राज्य आयोगाकडे. मुदत दोन वर्षांची. ज्या शहरात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तिथल्या माणसाने ही मुदत ‘बघू, आरक्षण मिळेल पुढच्या वर्षी’ म्हणत घालवावी, याचं आश्चर्य वाटतं. पण घालवतात. पाच लाखांना फसलो हे सोसायटीच्या सभेत कबूल करणं अवघड जातं, विशेषतः ज्याने कन्व्हेयन्सवर सर्वांत लांब भाषण केलेलं असतं त्याला.

मृत्युपत्र करायला बसल्यावर ही फाइल पुन्हा कपाटातून निघते. फ्लॅट पहिल्या परिशिष्टात जातो, सर्व्हे नंबर, चतुःसीमा आणि दस्त क्रमांकासह. त्याखाली गावाकडची जमीन असेल तर गट क्रमांक. मग ते गृहस्थ सोनेरी कडांचं प्रमाणपत्र पुढे करतात आणि हेही स्थावरातच घाला म्हणतात. ते तिथे बसत नाही. ते जातं दुसऱ्या परिशिष्टात, चल मालमत्तेत, ठेवींच्या पावत्या, शेअर आणि दागिने यांच्या यादीत, कंपनीशी झालेल्या कराराखालचा हक्क म्हणून, सदस्यत्व क्रमांक आणि संपण्याची तारीख लिहून. शेजारी कंसात थकलेलं शुल्क लिहिलं तर बरं, कारण नाव लावून घ्यायला आलेल्या लेकीकडे कंपनी आधी तेच मागते.